कॉन्ट्रॅक्ट लॉ शिकवताय ना, मग समोर एकतरी करारनामा ठेवा

कुठलाही जुना मराठी दस्त काढून बघा, साठेकरार असो, गहाणखत असो नाहीतर हक्कसोडपत्र, शेवटाकडे एक ओळ हमखास सापडते. "हा करारनामा मी माझ्या अक्कलहुशारीने, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता व नशापाणी न करता लिहून दिला असे." घरोघरी कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जुन्या लाइट बिलांच्या खाली हे कागद पडलेले असतात. ही ओळ वाचून लोकांना वाटतं की जुन्या माणसांची लिहायची पद्धत, बाकी काही नाही. पण इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ चं कलम १२ उघडा. करार करताना माणसाचं डोकं ठिकाणावर हवं असं ते कलम सांगतं, आणि त्याखालचं उदाहरणच आहे तापाने भ्रमिष्ट झालेल्या माणसाचं आणि इतकं प्यायलेल्या माणसाचं की त्याला अटीच कळत नाहीत. तेच ते नशापाणी आणि तीच ती अक्कलहुशारी. पुढे कलम १४, फ्री कन्सेंट, त्यात जबरदस्ती, गैरवाजवी दबाव, फसवणूक सगळं येतं. ते आपलं स्वखुशीने आणि दडपणाला बळी न पडता. म्हणजे गावातल्या नाहीतर कोर्टाबाहेरच्या दस्तलेखकाने एका ओळीत दोन कलमं बसवलीत, आणि ती कुणाला पण कळतील अशा भाषेत.

हे मला एलएलबीच्या वर्गात कुणी सांगितलं नाही. नंतर प्रॅक्टिस सुरू केल्यावर एका पक्षकाराचा जुना साठेकरार वाचताना माझं मला कळलं, आणि खरं सांगते, आनंद झाला त्याच्यापेक्षा राग जास्त आला.

मी तीन वर्षांचं एलएलबी मुंबईत केलं, नोकरी सांभाळून, सकाळचं कॉलेज. साडेसहाची लोकल, सव्वासातचं लेक्चर, दहाला ऑफिस. वर्गात माझ्यासारखे बरेच होते, बँकेतले, पोस्टातले, एकजण पोलिसातला, दोघीतिघी मुलं शाळेत गेल्यावर शिकायला आलेल्या. शिकवणारे चांगले होते आणि मनापासून शिकवायचे, त्यामुळे हा राग माणसांवर नाहीये, शिकवायच्या पद्धतीवर आहे. कॉन्ट्रॅक्ट म्हटलं की पहिल्या आठवड्यात कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल, १८९३ ची. इंग्लंडातल्या कंपनीने जाहिरात दिली की आमचं औषध सांगितल्याप्रमाणे वापरून पण इन्फ्लुएंझा झाला तर १०० पौंड देऊ, आणि बोलण्यात खरेपणा आहे हे दाखवायला १००० पौंड बँकेत ठेवले. मग हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल, १८५४, ग्लॉस्टरच्या गिरणीचा मोडलेला शाफ्ट आणि त्याला झालेला उशीर. मग बाल्फर विरुद्ध बाल्फर, १९१९, नवरा-बायकोतलं वचन करार होतो का. या केसेस मला आजही तोंडपाठ आहेत आणि त्या वाईट आहेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. कार्लिलमधून ऑफर आणि ॲक्सेप्टन्स जितकं स्वच्छ कळतं तितकं क्वचित कशातून कळत असेल. माझं म्हणणं इतकंच की दोन सेमिस्टरमध्ये एकदाही, एकदाही, वर्गात कुणी खराखुरा करारनामा आणला नाही. कॉन्ट्रॅक्ट लॉ पास झालेल्या मुलीने कॉन्ट्रॅक्ट नावाची वस्तू हातात धरलीच नव्हती.

त्याच वर्षी आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट निघालं. मुलुंडची १९७४ ची बिल्डिंग, चार मजले, लिफ्ट नाही, ३२ सभासद, त्यातले निम्मे सत्तरीच्या पुढचे. डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट आला, ९४ पानं, सगळा इंग्रजीत. रविवारी गच्चीवर मीटिंग होती, तिथे खालच्या मजल्यावरच्या काकांनी तो गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "तू कायदा शिकतेस ना बाळा, मला फक्त एवढं वाचून सांग की घर कधी मिळणार." साधा प्रश्न. बिल्डरच्या माणसाने तोंडी सांगितलं होतं की तीन वर्षं. मी कलम शोधलं, सापडलं, आणि त्यात ३६ महिने होते म्हणून मी हो म्हटलं, तीन वर्षं काका.

ते चूक होतं. कलमात लिहिलं होतं की पूर्ण सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायचा परवाना, मिळाल्यापासून ३६ महिने, वर सहा महिन्यांची सवलत, आणि हे सगळं फोर्स मेजरच्या, म्हणजे हाताबाहेरच्या संकटांच्या, अधीन. मुंबईत आधी आयओडी, म्हणजे आराखड्याला अटींसह मंजुरी, मिळते, लोक घरं रिकामी करतात, बिल्डिंग पाडतात, मग सीसी टप्प्याटप्प्याने येते, आधी प्लिंथपर्यंतची (जोत्यापर्यंतची) आणि पुढची नंतर. घर सोडलं त्या दिवसापासून पूर्ण सीसीच्या दिवसापर्यंत किती काळ जाईल याबद्दल त्या ९४ पानांत एक अक्षर नव्हतं. म्हणजे काकांचं घड्याळ ज्या दिवशी सुरू होणार होतं, बिल्डरचं त्या दिवशी सुरूच होत नव्हतं. आणि फोर्स मेजरच्या व्याख्येत पूर, भूकंप, युद्ध यांच्या जोडीला सरकारी परवानग्यांना लागलेला उशीर, मजुरांची टंचाई आणि बाजारातली मंदी पण होती. मंदी! धंदा म्हटला की मंदी येणारच, ती देवाची करणी कशी झाली?

मी परीक्षेत कलम ५६ वर, म्हणजे करार पाळणंच अशक्य झालं तर काय यावर, सुंदर उत्तर लिहिलं होतं. क्रेल विरुद्ध हेन्री, १९०३, राजाच्या राज्याभिषेकाची मिरवणूक बघायला भाड्याने घेतलेल्या खोल्या आणि रद्द झालेली मिरवणूक. त्याच मुद्द्यावरची आपल्याकडची केस सत्यब्रत घोष, १९५४. पण कराराच्या आतच फोर्स मेजरचं कलम लिहिलेलं असेल तर गोष्ट कलम ५६ कडे जात नाही, ती कलम ३२ खाली त्या लिहिलेल्या शब्दांनुसारच बघितली जाते, सुप्रीम कोर्टाने एनर्जी वॉचडॉगच्या निकालात २०१७ ला हे स्पष्ट केलंय. म्हणजे खरी लढाई त्या व्याख्येतल्या एकेका शब्दावर असते आणि ती सही करायच्या आधीच लढायची असते. हे कळायला मला केस पाठ असून उपयोग नव्हता, तो परिच्छेद बोट ठेवून वाचायची सवय हवी होती. सोसायटीने नंतर एक अनुभवी वकीलबाई नेमल्या, त्यांनी पहिल्या वीस मिनिटांत मुदत घर रिकामं केल्याच्या तारखेपासून मोजा, भाडं ओसीपर्यंत, म्हणजे राहायला जायचा दाखला मिळेपर्यंत, द्या, बँक गॅरंटी द्या आणि काम रखडलं तर करार रद्द करायचा अधिकार सोसायटीला द्या असं चार ठिकाणी लाल पेनने लिहिलं. त्यातलं दोन मान्य झालं, दोनसाठी अजून चार महिने गेले. त्या कुठलीही अवघड विद्या वापरत नव्हत्या. त्या वाचत होत्या.

आता यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं, आणि ते देणारे लोक विचार करणारे असतात म्हणून ते नीट घ्यायला हवं. ते म्हणतात विद्यापीठ म्हणजे क्लार्क तयार करायचा कारखाना नाही, तत्त्व शिकवा, कागद काय आज असे उद्या तसे, आणि ड्राफ्टिंगचा पेपर वेगळा आहेच की. आहे, बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे ड्राफ्टिंग, प्लीडिंग आणि कन्व्हेयन्सिंग सक्तीचंच आहे. पण त्यात लिहायला शिकवतात, ठरलेले नमुने, नोटीस अशी, भाडेकरार असा, आणि मुलं ते वहीत उतरवतात. दुसऱ्याने लिहिलेला, दुसऱ्याच्या फायद्याचा कागद वाचायचा कसा हे कुठल्या पेपरात येतं? आणि या शहरातल्या सामान्य माणसाच्या नशिबी कायम दुसऱ्याने लिहिलेलाच कागद असतो. बँकेचा, बिल्डरचा, कंपनीचा, मोबाईल ॲपचा. तत्त्वाचं म्हणाल तर एकतर्फी कराराचं तत्त्व आपल्या सुप्रीम कोर्टाने १९८६ ला ब्रोजोनाथ गांगुलीच्या केसमध्ये मांडलं, बरोबरीची ताकद नसलेल्या माणसावर लादलेली अन्यायकारक अट टिकू शकत नाही म्हणून, आणि २०१९ ला पायोनियर अर्बनच्या केसमध्ये बिल्डरच्या एकतर्फी ॲग्रीमेंटला अनुचित व्यापार प्रथा म्हटलं. हे वर्गात एका वाक्यात सांगता येतं. पण एकतर्फी म्हणजे काय हे वाक्यातून नाही कळत. फ्लॅट घेणाऱ्याने हप्ता चुकवला तर किती टक्के व्याज आणि बिल्डरने ताबा चुकवला तर किती, हे दोन आकडे एकाच ॲग्रीमेंटच्या दोन वेगवेगळ्या पानांवर शोधून शेजारी शेजारी ठेवले की दहा मिनिटांत कळतं, आणि जन्मभर लक्षात राहतं.

जामिनाचं घ्या. आपल्या मराठी नोकरदार माणसाने आयुष्यात सगळ्यात जास्त कुठला करार केला असेल तर तो पतपेढीच्या कर्जाला जामीन राहण्याचा. ऑफिसातला मित्र फॉर्म घेऊन येतो, अरे फक्त सही आहे, तुझं काही जात नाही. माझ्या वडिलांनी अशा सह्या कितीजणांना दिल्या असतील, नाही म्हणणं वाईट दिसतं म्हणून. कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद, १९६९, त्यात सुप्रीम कोर्ट म्हणतं की आधी कर्जदाराकडे जा, त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या असं जामीनदाराला म्हणता येत नाही. आणि पतपेढीला तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो, कलम ४९ खाली पगारातून परस्पर कपात होऊ शकते. सही करणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? कर्जदार नोकरी सोडून गावी गेला की एक तारखेला पगाराच्या स्लिपवर पहिल्यांदा कळतं.

पण माझा मुद्दा कलमाच्या शेपटीचा आहे. कलम १२८ तिथे संपत नाही, त्यात पुढे आहे की करारात वेगळं ठरलं नसेल तर. हे शब्द आम्ही परीक्षेत लिहायचो आणि पुढे जायचो. पण त्यांचा अर्थ असा की सही करणारा म्हणू शकतो, मी जामीन राहतो पण एक लाखापर्यंतच, तसं लिहा. पतपेढी ऐकेल न ऐकेल ते वेगळं, पण विचारता येतं, हेच आपल्याला ठाऊक नसतं. तसंच कलम १३३, जामीनदाराला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर पुढच्या व्यवहारातून तो सुटतो. आणि छापील फॉर्ममध्ये बारीक अक्षरात बऱ्याचदा तो हक्क आधीच सोडून दिलेला असतो. कलम आणि फॉर्म शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसणारच नाही.

आता भाषेबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण चिपळूणकडची, मराठी माध्यमातली, डोक्याने माझ्यापेक्षा हुशार. कलम २ मधली कन्सिडरेशनची व्याख्या तिने आरती पाठ करावी तशी पाठ केली होती, एक शब्द इकडचा तिकडे नाही. एकदा ट्रेनमध्ये मी तिला म्हटलं की अगं कन्सिडरेशन म्हणजे मोबदला, बस. सरकारी मराठीत त्याला प्रतिफल म्हणतात, संविदा, प्रतिफल, वचनग्रहीता, हे शब्द तिला इंग्रजीपेक्षा परके वाटायचे. मोबदला म्हटल्यावर ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, मग व्याख्येत "किंवा इतर कोणी व्यक्ती" असं का आहे, मोबदला तिसऱ्याच माणसाने दिला तरी चालतो? हा प्रश्न म्हणजे चिन्नय्या विरुद्ध रामय्या, १८८२ ची मद्रासची केस, इंग्लिश कायद्यापेक्षा आपला कायदा वेगळा कुठे आहे ते सांगणारी. एक मराठी शब्द मिळाला आणि ती दोन मिनिटांत तिथपर्यंत पोचली जिथे अख्ख्या सेमिस्टरमध्ये पोचली नव्हती. इंग्रजी हवीच, हायकोर्टात उभं राहायचं असेल तर इंग्रजीशिवाय चालणार नाही आणि मुलांना ती उत्तमच यायला हवी. पण समजायची भाषा आणि कोर्टात बोलायची भाषा या दोन्ही हव्यात, आणि वकिलाचं अर्धं काम तर एकीतून दुसरीत नेण्याचंच असतं. वकिलीसाठीची ऑल इंडिया बार परीक्षा मराठीतून देता येते, मग वर्गात करार मराठीतून समजावून घ्यायला काय हरकत आहे?

कलम १३ म्हणतं, दोन माणसं एकाच गोष्टीवर एकाच अर्थाने राजी झाली तर ती संमती. कायद्यातलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य आहे ते. आमच्या गच्चीवर त्या रविवारी तीन वर्षं या शब्दाचे दोन अर्थ होते, आणि सही झाली असती तर कायद्याने बिल्डरचाच अर्थ चालला असता, कारण वाचलं नाही, कळलं नाही हा बचाव सही केलेल्या माणसाला सहसा मिळत नाही.

आणि असं पण नाही की आपल्याकडच्या गोष्टी कमी आहेत म्हणून इंग्लंडकडे जावं लागतं. नोकरीच्या बाँडचं घ्या, आज पहिल्या नोकरीला लागणाऱ्या कित्येक मुलांच्या हातात दोन-तीन वर्षांचा बाँड येतो. कल्याणच्या टायर कॉर्डच्या कारखान्यातल्या कर्मचाऱ्याने पाच वर्षांच्या कराराच्या मध्येच नोकरी सोडली आणि राजस्थानातल्या कोटा शहरातल्या दुसऱ्या कंपनीत गेला, ती केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग, १९६७. कोर्टाने सांगितलं की कराराची मुदत चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट चालते. नोकरी संपल्यानंतरच्या बंदीचं कलम २७ पुढे, म्हणजे धंदा-नोकरी करण्यावर बंदी घालणारा करार रद्द ठरवणाऱ्या कलमापुढे, काय होतं ते १९८० च्या सुपरिंटेंडन्स कंपनीच्या केसमध्ये बघता येतं. आणि २०२५ ला विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट सुप्रीम कोर्टाने कायम ठेवली. कल्याणपासून सुरुवात करून हे तीन निकाल सलग शिकवा आणि सोबत मुलांनी आणलेलं एखादं ऑफर लेटर ठेवा, त्या दिवशी शेवटच्या बाकावरचा मुलगा पण झोपणार नाही, कारण बाँड त्याचा स्वतःचा असेल.

दामदुप्पट हा तर आपलाच शब्द, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही, १८७२ चा कायदा आल्यावरसुद्धा मुंबई हायकोर्टाने हिंदू कर्जदारांच्या बाबतीत हा नियम मानला. आमच्या नोट्समध्ये त्याला जेमतेम दीड ओळ होती.

भाडेकरारही तसाच. अकरा महिन्यांचाच का करतात विचारलं तर वर्गातली निम्मी मुलं सांगतील की रजिस्टर करायला लागू नये म्हणून. १९०८ च्या रजिस्ट्रेशन ॲक्टखाली एक वर्षाच्या वरची लीज रजिस्टर करावी लागते, तिथून ती सवय आलेली. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी आणि रजिस्टर्डच हवा, जबाबदारी मालकाची, आणि केला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या. म्हणजे ज्या कारणासाठी अकरा महिने लिहितात ते कारण इथे कधीच संपलंय आणि मुंबईत हा कागद रोज होतो.

याच शहरात डॉ. आंबेडकर १९२५ ते १९२८ बाटलीबॉईज अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये मर्कंटाइल लॉ शिकवायचे, हिशेब शिकायला आलेल्या मुलांना. पुढे गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. व्यवहार करणाऱ्या माणसाला व्यवहाराचा कायदा समजला पाहिजे हे इथे नवीन सांगायची गोष्ट नाही, आपणच ती मध्ये कुठेतरी सोडून दिली.

मग करायचं काय, तर सिलॅबस फाडायची गरज नाही. पहिल्या वर्षाच्या इंटर्नल मार्कांत एक गोष्ट घाला, प्रत्येक विद्यार्थ्याने एक खरा करार आणायचा, घरातला, सोसायटीचा, नाव-पत्ता-आधार नंबर काळा करून, आणि तो वर्गासमोर दहा मिनिटं वाचून दाखवायचा, कुठलं कलम कुठे लागतं ते सांगायचं. एका वर्गात ८० मुलं असतात, वेळ कुठून आणायचा, असं म्हणतील, आणि ती अडचण खरी आहे. मग पाच-पाचचे गट करा, सोळा करार होतात, तेवढे सेमिस्टरला पुष्कळ झाले. दुसरं म्हणजे लॉ कॉलेजांना लीगल एड सेंटर चालवावंच लागतं, त्याची खोली बरेचदा कुलूप लावलेली असते. ती शनिवारी उघडा. आजूबाजूच्या वस्तीतल्या माणसाने सही करायच्या आधी कागद घेऊन यावं, मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली तो मराठीत समजावून सांगावा. सल्ला द्यायचा नाही, सही करा नको करा म्हणायचं नाही, तो अधिकार सनद मिळालेल्या वकिलाचा, फक्त काय लिहिलंय ते सांगायचं.

आणि परीक्षेत एक प्रश्न ठेवा, वीस मार्कांचा आणि सक्तीचा. डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटमधलं एक पान जसंच्या तसं छापायचं आणि खाली लिहायचं: सत्तर वर्षांचे एक सभासद तुम्हाला विचारत आहेत की घर कधी मिळणार, त्यांना कळेल अशा मराठीत दहा ओळींत उत्तर द्या.